मास्तरांची गिटार टोचायला लागली

मास्तरांचा कान म्हणजे कान होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, हा गिटारवाला मुळातच अर्धवट असणार. अर्धवट? अहो, जिन्यातून वर येताना कोणी गिटारची तार सहज छेडली, तरी मास्तर आतून ओरडायचे, "दुसरी उतरलीय! आधी ती लाव, मग बेल वाजव!"

संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये तिघांचा बँड असायचा. मास्तर गिटारवर, ढम्या ड्रमवर आणि एक तरुण गायिका. ढम्या नाव ऐकून कोणी लठ्ठ माणूस डोळ्यासमोर आणत असेल तर ती चूक आहे. अंगाने काडी, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. मास्तरांची आणि त्याची दोस्ती दोघांच्या डोक्यावर भरपूर केस होते तेव्हापासूनची.

सकाळी मात्र मास्तरांच्या घरी दवाखाना भरायचा. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मास्तरीणबाईंचं शिवणयंत्र, आणि समोरच्या भिंतीला मास्तरांची गिटार, एक छोटा अ‍ॅम्प आणि पेडलची फळी. पेडल म्हणजे पायाने दाबायची, साबणाच्या डबीएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर एका डबीत शिरते, तिथून दुसरीत, तिसरीत, आणि शेवटी अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात. एक डबी आवाज फाडते, एक लांबवते, एक डुलवते. एकेकट्या असल्या की सगळ्या शहाण्या. एका फळीवर आणल्या की भांडणं सुरू. एकत्र कुटुंबच ते, दुसरं काय होणार?

मग ती भांडणं घेऊन गावभरचे गिटारवाले मास्तरांकडे यायचे. कोणाचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबलेला, कोणाची गिटार न वाजवताच घुं घुं करणारी. मास्तर आधी यथेच्छ शिव्या घालायचे. मग म्हणायचे, "सगळं काढ. गिटार थेट अ‍ॅम्पला लाव. हा तुझा खरा आवाज, नीट ऐकून घे. आता एकेक डबी जोड, आणि प्रत्येक वेळी तोच सूर वाजव. जिथे आवाज बदलेल तिथे चोर आहे." चोर सापडायचाच. कधी डब्यांमधली आखूड वायर कुजलेली, कधी सगळ्या डब्यांना एकाच अडॅप्टरवर जुंपलेलं. आणि आवाज फाडणारी फझ नावाची जुनी डबी असली, तर चोर बहुतेक वेळा क्रमात असायचा. "हा थोरल्या जावयासारखा आहे," मास्तर सांगायचे. "याच्या आधी दुसऱ्या कोणाला विचारलेलं याला खपत नाही, लगेच रुसतो. गिटारनंतर पहिला मान याचा." क्रम बदलला की आवाज मोकळा व्हायचा आणि समोरचा माणूस तोंडात बोट घालायचा.

एक गोष्ट मात्र कोणी केली की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आवाज बिघडला म्हणून अ‍ॅम्पची बटणं फिरवायची. "बिघाड शोधायचा सोडून बटण फिरवतोस? भिंतीला ओल आली की रंग मारतोस का रे?" हॉटेलात ठेवलेल्या त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅम्पवर प्रत्येक बटणापाशी पांढऱ्या रंगाची बारीक खूण होती. बटणं खुणेवर, आणि विषय संपला. मध्ये एकदा काही वर्षांपूर्वी त्यांना आवाज मंद वाटायला लागला होता, तेव्हा "अ‍ॅम्पचं वय झालं" असं म्हणून त्यांनी ट्रेबलची, म्हणजे वरच्या धारदार आवाजाच्या बटणाची, खूण बरीच वर सरकवली होती. त्यानंतर त्या बटणाला कोणी हात लावला नव्हता. निदान मास्तरांची तशी समजूत होती.

मास्तरीणबाई या सगळ्यात काय करायच्या? शिवायच्या. हॉटेलातल्या वेटरांच्या कोटांपासून शेजारणींच्या उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं. पेडल फळीवरून घसरू नयेत म्हणून खालच्या वेल्क्रोच्या पट्ट्या त्यांनीच बेतून चिकटवल्या होत्या. फळीची पिशवीही त्यांच्याच हातची, आत प्रत्येक डबीला वेगळा कप्पा. हॉटेलात गेल्यावर फळी मांडायची त्यांनी आणि बँड संपल्यावर आवरायची त्यांनीच. मास्तर फक्त खुर्ची ओढून बसायचे. सकाळच्या दवाखान्यात कधीमधी यंत्र थांबवून त्या म्हणायच्या, "अहो, मघाचंच बरं वाटत होतं. आता जरा कानाला लागतंय." मास्तर हसायचे. "तू तुझी शिलाई बघ." आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक जाताना जिन्यात हळूच मघाचंच लावून घ्यायचं. बाईंना ते खिडकीतून दिसायचं. त्या पुन्हा यंत्र सुरू करायच्या.

हॉटेलातही त्यांची एक सवय होती. पहिलं गाणं सुरू झालं की त्या हॉलच्या मागच्या भिंतीपाशी, वाढपाच्या दाराजवळ जाऊन उभ्या राहायच्या. थोडं ऐकायच्या, मग टेबलांच्या कडेकडेने स्टेजवर यायच्या आणि अ‍ॅम्पमागे वाकायच्या. त्या जुन्या अ‍ॅम्पची बटणं आणि वायरी सगळ्या पाठीमागच्या अंगाला होत्या. मग पुन्हा मागे जायच्या. "हिला रोज वाटतं प्लग निसटलाय," मास्तर माइकवरून सांगायचे आणि पुढच्या टेबलांवरची माणसं हसायची. बाईही हसायच्या.

त्या बाई गेल्या. साधा ताप म्हणून सुरुवात झाली, मग इस्पितळ, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं आटोपलं. लांबच्या गावाहून मुलगी आली, राहिली, "बाबा, माझ्याकडे चला" म्हणाली. मास्तर म्हणाले, "माझा बँड आहे." मुलगी डोळे पुसत निघून गेली. शिवणयंत्रात एका वेटरच्या कोटाची बाही सुईखाली तशीच अडकून होती. ती काढायचा मास्तरांना धीर होईना. यंत्रावर चादर घातली आणि ते गिटार उचलून हॉटेलात गेले.

त्या दिवशी फळी त्यांनी स्वतः मांडली. कुठली डबी कुठल्या पट्टीवर, हे आयुष्यात पहिल्यांदाच आठवावं लागलं. ढम्या मदतीला आला तर त्याच्यावर खेकसले. दोन गाणी झाली आणि गायिकेने उजव्या कानावर तळवा धरला. बँड संपल्यावर मॅनेजर आले, घसा खाकरत. "मास्तर, तुमच्यावर काय ओढवलंय ते ठाऊक आहे हो. पण आज गिटार जरा टोचत होती. दोन टेबलं मागे हलवून द्यावी लागली."

"टोचत होती?" मास्तरांना खरंच कळेना. त्यांना तर आवाज उलट थोडा मंदच वाटला होता, नेहमीसारखा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गायिका चाचरत म्हणाली, "काका, ट्रेबल थोडं कमी केलंत तर?"

"ट्रेबल खुणेवर आहे!" मास्तर कडाडले. "काकू होती तेव्हा होतं तिथेच आहे. तेव्हा टोचत होतं का? नाही ना? मग बटणाचा काय संबंध? माझंच काहीतरी मांडताना चुकलंय. आणि तुला एवढं लागत असेल तर आधी कान तपासून घे."

पोरगी रडवेली झाली. मास्तरांना वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायची सवय कुठे होती? घरी येऊन ते फळीला भिडले. एकच ध्यास. ती मांडायची तशी फळी मांडायची, म्हणजे तो आवाज परत येईल. तिने मांडलेली फळी गोड वाजत होती, आपण मांडलेली टोचते. म्हणजे तिला जे येत होतं ते आपल्याला येत नाही, एवढाच अर्थ निघत होता. त्यांनी लांबवणारी डबी डुलवणारीच्या आधी घातली, मग नंतर घातली. फझ तर पहिल्याच जागी होता, तरी उचलून पुन्हा तिथेच ठेवला. आखूड वायरी सगळ्या नव्या केल्या, अडॅप्टर वेगवेगळे लावले. वेल्क्रोच्या पट्ट्यांवर जुन्या डब्यांचे दाबलेले ठसे होते, ते बॅटरीच्या उजेडात बोटांनी चाचपून बघितले, की कुठली डबी नेमकी कुठे बसायची. बाईंनी बेतलेल्या त्या पट्ट्यांवर हात फिरवताना त्यांना हुंदका आवरेना. मग म्हणाले, रडून वायरी जुळत नाहीत, आणि पुन्हा कामाला लागले.

आवाज काही सुधारला नाही. म्हणजे मास्तरांना फरक कळत नव्हताच. लोकांच्या चेहऱ्यावरून कळायचं. कोणी टेबल बदलून मागायचं, कोणी जेवण अर्धवट टाकून उठायचं. शेवटी मॅनेजरांनी त्यांना बाजूला घेतलं. "मास्तर, या शनिवारपर्यंत बघा. नाहीतर वरचे म्हणतायत, गिटारच्या जागी कीबोर्ड घेऊ. माझा नाइलाज आहे." बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती.

त्या हॉलखेरीज त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? घरी चादर घातलेलं यंत्र.

शनिवारी दुपारी, हॉल रिकामा असताना, त्यांनी ढम्याला आणि गायिकेला बोलावून घेतलं. टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, फरशी पुसून ओली. मास्तर गायिकेला म्हणाले, "परवा बोललो ते मनावर घेऊ नकोस. आज तुझेच कान हवेत मला. जा, तिकडे मागे उभी राहा." ती गेली. ढम्या आपल्या ड्रममागे जाऊन बसला, अ‍ॅम्पच्या शेजारीच त्याची जागा.

मग मास्तरांनी जे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं तेच स्वतःला लावलं. सगळं काढलं. पेडलची अख्खी फळी उचलून स्टेजखाली ठेवली आणि गिटार थेट अ‍ॅम्पला जोडली. एक सूर वाजवला. "बोल!"

"टोचतंय, काका."

मास्तर थबकले. मध्ये एकही डबी नाही आणि तरी टोचतंय? म्हणजे इतके दिवस ते ज्या डब्यांच्या डोक्यावर खापर फोडत होते, त्या बिचाऱ्या निर्दोष. त्यांनी वायर बदलली. "आता?"

"तसंच आहे."

ढम्या घरून आपल्या भाच्याची गिटार घेऊन आला होता, ती लावली. "आता?"

"टोचतंय, काका. सॉरी."

"मग उरलं काय?" मास्तर गरकन अ‍ॅम्पकडे वळले. "हाच चोर. ती गेली आणि हाही फिरला. आजच्या आज उचलतो आणि भंगारात देतो याला." त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि अ‍ॅम्पच्या पाठीला लावला.

"मास्तर, थांब," ढम्या म्हणाला. "अ‍ॅम्पला काही झालेलं नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"त्यातलं नाही कळत. पण मी या अ‍ॅम्पच्या शेजारी बसतो ना रोज. मला दिसायचं." ढम्या उठून उभा राहिला. एरवी हा माणूस मयतालाही विनोद करणारा. आज त्याला तोंड उघडताना घाम फुटला. "वहिनी प्लग बघायला यायच्या ना पहिल्या गाण्यात? त्या प्लग बघत नव्हत्या. ट्रेबलचं बटण खाली करायच्या. मागे जाऊन ऐकायच्या, पुन्हा यायच्या, अजून जरा फिरवायच्या. आणि रात्री आवरताना परत खुणेवर आणून ठेवायच्या, तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून. कित्येक वर्षं. तू खूण वर सरकवलीस तेव्हापासून."

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर अ‍ॅम्पवरून काढून घेतला. मागे वाढपाच्या खोलीत बशा लावल्याचा आवाज येत होता.

"का?" मास्तरांनी विचारलं.

"तुला वरचा धारदार आवाज ऐकू येत नाही, मास्तर. अ‍ॅम्पचं वय झालं नव्हतं. आपलं झालं होतं. त्यांना ते सगळ्यात आधी कळलं. मला म्हणाल्या, 'भाऊजी, त्यांना कळलं तर ते गिटार खाली ठेवतील, आणि गिटार खाली ठेवली तर त्यांचं काही खरं नाही. तुम्हाला माझी शपथ आहे.' मी मूग गिळून बसलो. त्या गेल्यावर मीच बटण फिरवणार होतो रे, पण किती फिरवायचं ते मला कुठे ठाऊक? त्या मागे जाऊन ऐकायच्या. माझे कान तर झांजांनी कधीच खाल्ले."

"खोटं," मास्तर म्हणाले. पण ते म्हणतानाच त्यांना इस्पितळात न्यायच्या आदल्या दिवशीची दुपार आठवली. त्यांनी बाईंच्या काखेत ताप मोजायची ती बारीक वाजणारी नळी लावली होती आणि वाजायची वाट बघत बसले होते. बसले, बसले. शेवटी बाईच डोळे मिटून म्हणाल्या होत्या, "अहो, काढा आता, मघाशीच वाजली." त्यांना वाटलं होतं, तापाने भास होतायत. मग त्यांनी नळी चिमटीत धरून झटकली होती आणि "हलक्या कंपनीची दिसतेय" म्हणाले होते. बाईंनी तापलेल्या हाताने त्यांचं मनगट थोपटलं होतं. "हो, तशीच असेल," म्हणाल्या होत्या. अंगात एवढा ताप असतानासुद्धा.

मास्तर खुर्चीवर बसले. गिटारच्या मानेवर हात ठेवला. गायिका पुढे यायला निघाली तर त्यांनी तिला हाताने थांबवलं. "नको. तिथेच थांब. काकू कुठे उभी राहायची?"

"इथेच, काका. दाराजवळ."

"मग तिथेच उभी राहा. मी वाजवतो. ढम्या, तू बटण हळूहळू खाली आण. पोरी, बरं वाटलं की हात वर कर."

आयुष्यात ज्यांनी बिघाड झाकायला कधी बटण फिरवू दिलं नाही, त्या मास्तरांनी स्वतःच्या तोंडाने हे सांगितलं. त्यांनी जुनी, सगळ्यांना पाठ असलेली चाल धरली, बाईंना आवडायची ती. ढम्या गुडघ्यावर बसून, डोळे बारीक करून बटण फिरवत होता. आणि मागे, ओल्या फरशीच्या पलीकडे, गायिकेचा हात वर गेला. "बस! बस, इथेच! अजिबात हलवू नका!" आणि तिला एकदम भरूनच आलं. "काका, तोच. काकू होत्या तेव्हाचा. अगदी तोच आवाज."

आतून दोन वेटर बाहेर येऊन उभे राहिले. मॅनेजरही केबिनमधून डोकावले, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "वा मास्तर! सापडला म्हणायचा बिघाड!"

मास्तरांनी मान हलवली. मग ढम्याला हळूच म्हणाले, "परत खुणेवर ने."

ढम्याने नेलं. मास्तरांनी तीच ओळ वाजवली.

"आता तिच्या जागेवर आण."

ढम्याने आणलं. मास्तरांनी पुन्हा तीच ओळ वाजवली, डोकं अ‍ॅम्पच्या जाळीला टेकवून, श्वास रोखून.

"फरक आहे ना रे?"

"आहे की. ठार बहिऱ्याला कळेल एवढा..." ढम्या बोलता बोलता थांबला आणि त्याने जीभ चावली.

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी आणखी एकदा वाजवलं, आणखी एकदा. मग गिटारवरचा हात काढून घेतला आणि लहान मुलासारखं तोंड वेडंवाकडं करून ते रडायला लागले. ढम्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला दोन्ही सारखंच ऐकू येतंय, ढम्या," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं तिने जे केलं, ते मला आज सांगूनसुद्धा ऐकू येत नाही."